ग्रहसोबती

सकाळी शटर वर सारलं की आधी डाळमिलचा भुसा पुसायचा,
मग कॅबिनेटच्या बाजूला एक चापट,
मग पंखा खाकरतो, पडदा उजळतो,
आणि कुणी काही विचारायच्या आत ते म्हणतं:
नमस्कार मन्मथजी.
आजचा दिवस भागीदारीला अनुकूल.

मी खय्यूम.
मन्मथ चार वर्षांपासून चाकणला आहे.

पत्रिका तो बघायचा, लग्नपत्रिका मी छापायचो.
उदगीरच्या मोंढ्यामागं आठ बाय दहाच्या गाळ्यात
एकाच खुर्चीवर आळीपाळीनं बसून
आम्ही अर्ध्या तालुक्याचे गुण जुळवले.
आमचे बिनसले ते कशावरून,
तर एका लेझर प्रिंटरवरून.

आता पत्रिका सगळे मोबाईलवर बघतात.
म्हणलं, काढून टाकावं.
काढायला गेलो तर म्हणालं, पासवर्ड द्या.
मन्मथची जन्मतारीख दिली. चूक.
त्याच्या बायकोची, पोराची. चूक.
शेवटी माझं नाव घालून पाहिलं, उगीच.
तेही चूक.

फोल्डर उडवायला गेलो, म्हणालं, फाईल वापरात आहे.
कोण वापरायलंय? गाळ्यात मी एकटा.
सेफ मोडमध्ये नेऊन बुडातून उपटलं.
दुसऱ्या दिवशी अकराला लाईट आली
आणि लाईटीसंगं तेही:
नमस्कार मन्मथजी.

बियाणंवाले बसलिंगप्पा डोकावून म्हणाले,
हे कुंद्यावानी हाय.
वरून खुडून काय होतंय,
खाली मुळी कुठवर गेली ते त्यालाच ठाऊक.
क्लासमधला पोरगा म्हणाला, फॉरमॅट मारा चाचा,
दहा मिनिटांचं काम.
पण त्याच मशीनमध्ये अकरा वर्षांची लग्नं आहेत.
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'
असं ज्यांच्या नावानं मी छापलं, ती पोरं
आता आधार दुरुस्तीला स्वतःच्या पायांनी येतात.

मग लावला फोन.
नंबर पाठ आहे, हे बोटांना माहीत होतं, मला नाही.

तिकडं यंत्रांचा आवाज.
ना सलाम, ना खुशाली,
म्हणलं, ग्रहसोबतीचा पासवर्ड सांग.
बराच वेळ नुसती यंत्रं.
मग म्हणाला, "तू अजून तेच मशीन चालवायलास?"
मग म्हणाला, "हप्ता. पुढं आकडा."
"कोणता आकडा?"
"तुला ठाऊक नाही व्हय?"

तेवीसशे चाळीस.
ज्या आकड्यापायी भर मोंढ्यात
आम्ही एकमेकांचे आईबाप काढले, तोच.
पण त्यानं तो भांडणाच्या कितीतरी आधी,
प्रिंटर आला त्या दुपारी,
पेढ्याच्या हातानं टाईप केला असणार.
कीबोर्डवरचा शून्य तेव्हापासून चिकट आहे.

दोनदा दाबावा लागला.
हिरवी पट्टी सरकू लागली,
अर्ध्यावर थांबून विचारती झाली:
काढून टाकण्याचं कारण लिहा. किमान वीस अक्षरं.
वीस!
चार वर्षांत आम्हाला चार सुचली नव्हती.
मी लिहिलं: प्रिंटर चांगला चालतोय. हप्ते फिटले.
म्हणालं, आभारी आहोत.
आपला संदेश पाठवता आला नाही. नेट तपासा.

फोन मान वाकडी करून खांद्यातच धरलेला.
तिकडून आवाज: "गेलं का?"
मी पडद्याकडं बघितलं.
म्हणलं, थांब, एकदा बंद करून चालू करतो,
वेळ लागतो त्याला.
तू बोल तोवर.